बुरशीचा आचारी

मोकळेकाकांचं आडनाव मोकळे नाही. वसतिगृहाच्या मुदपाकखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं जो भात रांधला, त्यातलं एक शीत दुसऱ्याला चिकटलेलं कुणी पाहिलं नाही, म्हणून पोरापोरींनी हे नाव पाडलं. पुढे ते इतकं रुळलं की निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या मानपत्रावरसुद्धा 'श्री. मोकळे' असंच छापून आलं. काकांनी ते दोनदा वाचलं, कुठे काना-मात्रा चुकलीय का ते पाहिलं आणि निमूटपणे भिंतीवर लावलं. खरं आडनाव आता फक्त त्यांच्या बहिणीला ठाऊक आहे. तिला विचारायला गेलं तर ती म्हणते, "आडनाव घेऊन काय करताय? मुलगी द्यायचीय का त्याला?"

बुरशी हा काकांचा जुना वैरी. दोनशे ताटांचा स्वयंपाक, ओलसर कोठी आणि बारा महिने पाझरणारी भिंत, अशा संसारात त्यांनी बुरशीला पाय ठेवू दिला नाही. पावाच्या कडेला हिरवा ठिपका दिसला की अख्खी पेटी बाहेर. एकदा वॉर्डन म्हणाले, "तेवढा भाग कापून टाका, बाकीचा चालेल." काकांनी एप्रन सोडला, नीट घडी घातली आणि वॉर्डनच्या हातात दिला. "मग वाढा तुम्हीच." आपल्या हातचं खाऊन पस्तीस वर्षांत एकाचंही पोट बिघडलं नाही, ही गोष्ट ते नव्या माणसाला ओळख झाल्यावर दुसऱ्याच वाक्यात सांगतात. पहिल्या वाक्यात सांगायचा मोह आवरतात, एवढा त्यांचा विनय.

आता ते सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत राहतात. लग्न केलं नाही. का, तर म्हणे, "दोनशे जणांचं करून आल्यावर घरी जाऊन दोघांचं कोण करणार?" रोज पाच वाजता ते सायकल काढून गावाबाहेर बहिणीकडे चहाला जातात. चहा हे निमित्त. खरा कार्यक्रम भांडणाचा.

बहिणीला सगळे धाकटीच म्हणतात, ती अठ्ठावन्न वर्षांची झाली तरी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मागे उरल्या नऊ गायी, बारा एकर चराऊ रान आणि एक मुलगा, जो दूरच्या शहरात अकराव्या मजल्यावर राहतो. भाऊबहिणीच्या भांडणाचे विषय ठरलेले होते. लहानपणी विहिरीत बादली कुणी पाडली. आईचा लाडका कोण. चहात आधी दूध की आधी साखर. रोज तासभर दोघं हिरिरीने भांडायची, निकाल लागायचा नाही आणि दोघांनाही झोप छान लागायची.

अशात रानात उंदीरशेपटी शिरली.

हे गवत सहा-सात वर्षांपूर्वी कुठून आलं, कुणालाच सांगता येत नाही. रस्ता रुंद करायला मोठी यंत्रं आली होती, त्यांच्या चाकांच्या चिखलातून आलं असावं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, वा, काय हिरवागार चारा! जवळ गेलं की कळतं. काडी तारेसारखी, टोकाला उंदराच्या शेपटीसारखा बारीक काळपट तुरा. गाय चावते, ओढते, मान झटकते; काडी तुटत नाही, गायीचा दात मात्र हलतो. धाकटीकडे एक गाय आहे, प्रत्येक घासाची उलटतपासणी घेतल्याशिवाय गिळत नाही, म्हणून तिचं नाव वकीलबाई. ती तर या गवताकडे पाठ करूनच उभी राहायची. कापावं तर दुप्पट जोमाने वर येई. जाळावं तर राखेतून सगळ्यांच्या आधी हेच डोकं काढी. औषध मारावं तर शेजारचं मऊ गवत मरे आणि हे वाऱ्यावर डुले. उपटायचं म्हटलं तर एका ठोंबाला दोन माणसं, एक पहार आणि अर्धा तास.

बारा एकरांतले आठ एकर त्याने खाल्ले तेव्हा धाकटीने हात टेकले.

"उन्हाळ्याच्या आत गायी विकते आणि मुलाकडे जाते," चहा गाळता गाळता ती म्हणाली. "व्यापाऱ्याला तारीख दिलीय."

"जा की," काका म्हणाले. "दिवसभर लिफ्टमधून वरखाली कर."

"करीन. तुझ्या बापाचं काय जातं?"

"आपला बाप एकच आहे, धाकटे."

"तेच तर दुर्दैव."

एरवी या वाक्यावर काकांनी तासभर काढला असता. त्या दिवशी ते अर्धा चहा तसाच ठेवून उठले. गावात त्यांना ओळखणारी माणसं हजार निघतील. नोकरीला लागलेली, नातवंडं झालेली, रस्त्यात वाकून नमस्कार करणारी. पण हक्काने भांडायला माणूस एकच होतं आणि ते अकराव्या मजल्यावर जायला निघालं होतं.

चारच दिवसांनी त्यांच्या दारात एक बाई उभी राहिली. ओळखायला वेळ लागला नाही; चौदा वर्षांपूर्वी हीच मुलगी रांगेत शेवटी यायची आणि पातेल्याच्या तळाची खरवड मागायची. आता ती कृषी संशोधन केंद्रात झाडांच्या रोगांची डॉक्टर होती. गावात तिला बुरशीबाई म्हणायचे, अर्थात तिच्या माघारी.

"काका, भात करायचाय."

"किती माणसांचा?"

"माणसांचा नाही."

"मग कुणाचा?"

"बुरशीसाठी."

काकांनी दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावले. म्हणजे आत यायला जागा उरली नाही.

तिने दारातच सगळं सांगितलं. केंद्राच्या फाटकाशी तिला उंदीरशेपटीचा एक ठोंब आजारी दिसला होता. काड्या बुडाशी नारिंगी पडलेल्या आणि आतून कुजलेल्या. तपासलं तर आत एक बुरशी निघाली. बाहेरून आणलेली नाही, इथल्याच मातीतली. तीन वर्षं तिने ती चाळीसेक झाडांवर सोडून पाहिली. मका, गहू, भाज्या, चराईची चांगली गवतं. कुणाचंही काही बिघडलं नाही, फक्त उंदीरशेपटीचा बुडखा सडला. आता एका रानात चाचणी घ्यायची परवानगी मिळाली होती. त्यासाठी बुरशी भरपूर वाढवायला हवी आणि ती वाढते अर्धवट शिजलेल्या तांदळावर.

"केंद्रातल्या पोरांना सांगितलं, तर त्यांनी नुसता लगदा केला," ती म्हणाली. "गोळा झाला की बुरशी वरच्यावर धरते, आत आंबतं. मला एकेक दाणा सुटा पाहिजे. असा भात मी आयुष्यात एकाच ठिकाणी खाल्लाय."

कौतुकाने काका विरघळतात, हे तिला चार वर्षं खरवड खाऊन ठाऊक होतं. पण काका दुसरंच काहीतरी धरून बसले.

"रान कुणाचं घेणार?"

"शोधतेय अजून."

काकांनी चपला घातल्या. "चला."

धाकटीने सगळं ऐकून घेतलं, एका गायीची धार काढता काढता.

"म्हणजे माझ्या रानात रोग सोडणार."

"फक्त त्या गवताला होणारा, मावशी."

"आणि माझ्या गायींना?"

"गायींना खायला घालूनही पाहिलंय. काही होत नाही. तरी फवारल्यावर तो तुकडा कुंपण घालून वेगळा ठेवू."

"आणि ही बुरशी वाढवणार कोण? हा?" धाकटीने भावाकडे मान वळवली. "हा पावावरचा ठिपका बघून तीन दिवस जेवत नाही."

"तू तुझ्या गायींचं बघ," काका म्हणाले.

धाकटीने बादली बाजूला ठेवली. "हे बघा, घ्या माझं रान. पण व्यापाऱ्याची तारीख मी हलवणार नाही. तो येईल त्या दिवशी मला माझ्या डोळ्यांनी फरक दिसला, तर राहीन. कागदावरचा फरक नाही, रानातला. नाही दिसला, तर दादा आणि त्याची बुरशी, दोघांनी सुखाने नांदावं."

तर अशा रीतीने काका वयाच्या बासष्टाव्या वर्षी पुन्हा नोकरीला लागले. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी त्यांनी पांढरा कोट नाकारला आणि घरून एप्रन आणला. तांदूळ निवडला, धुतला, भिजवला. उकळत्या पाण्यात टाकला आणि घड्याळाकडे न बघता शीत दाबत राहिले. बाहेरून मऊ आणि मधे जरा कणी लागली की उतरवायचा. मग चाळणीवर निथळायचा, कापडावर पसरायचा, वरचं पाणी सुकेपर्यंत वारा घालायचा. एरवी ते चिमटीने मीठ टाकायचे. इथे हात तीनदा हवेत गेला आणि तीनदा त्यांनी तो स्वतःच धरला. मग तो भात जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचा, तोंडाला कापसाचं बूच लावायचं आणि मोठ्या कुकरमध्ये वाफेवर निर्जंतुक करायचा. पिशव्या निवल्या की बुरशीबाई काचेच्या पेटीत हात घालून एकेक उघडायच्या आणि नळीतल्या बुरशीचा थेंब सोडायच्या.

"हे म्हणजे विरजण," काका म्हणाले.

"अगदी तेच."

चाळीस पिशव्या फडताळात रचून झाल्या. बाईंना आठ दिवस एका बैठकीला जायचं होतं. जाताना त्या म्हणाल्या, "काका, रोज पिशव्या हलवा, म्हणजे गठ्ठे होणार नाहीत. आणि काही नासलं तर सरळ फेकून द्या. एक नासकी पिशवी बाकीच्यांना बिघडवते."

हे वाक्य काकांना सांगायची गरज नव्हती. ते या वाक्यावरच जगले होते.

पहिले तीन दिवस पांढराशुभ्र भात. चौथ्या दिवशी करड्या रंगाची लव. मग केंद्राला दोन दिवस सुट्टी होती. काका परत आले आणि त्यांनी फडताळ उघडलं. चाळीसच्या चाळीस पिशव्या काळ्या! एकूण एक दाणा काळाकरडा, केसाळ. पस्तीस वर्षांच्या कारकिर्दीत एवढा नासका भात त्यांनी एकत्र पाहिला नव्हता. आणि तो त्यांच्या हातचा होता.

आता हे कुणालाही वाटेल की, बाबा रे, बुरशीच वाढवायची होती ना? पण डोक्याला ठाऊक असणं वेगळं आणि हाताला ठाऊक असणं वेगळं. काकांच्या कल्पनेत बाईंची बुरशी म्हणजे काहीतरी सरकारी, सभ्य, फिकट प्रकार होता. हा काळा केसाळ प्रकार त्यांच्या ओळखीचा होता. हाच तो कोठीतला चोर.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दार लावलं, बाह्या सरसावल्या आणि कामाला लागले. बाई आल्या तेव्हा प्रयोगशाळा आरशासारखी चमकत होती.

"काका, पिशव्या कुठायत?"

"काळजी करू नका. नव्या चाळीस भरून, वाफवून तयार आहेत. तुम्ही फक्त विरजण लावा."

"आणि जुन्या?"

"नासल्या," काका खालच्या आवाजात म्हणाले. "सगळ्या. एकही वाचली नाही. काळ्याकुट्ट."

बाई हळूच स्टुलावर बसल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर थोडी आशा आली. "फेकल्या कुठे? कचऱ्यात असतील तर अजून..."

"अशा कशा फेकेन?" काका दुखावले. "आधी कुकरमध्ये तासभर उकळल्या. मग खड्डा खणून पुरल्या. वर चुना टाकला. बाई, माझ्या हातून पस्तीस वर्षांत..."

"कुणाचं पोट बिघडलं नाही," बाईंनी वाक्य पुरं केलं. मग त्यांनी कपाळ टेबलावर टेकवलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. रडतेय की काय म्हणून काका पाणी आणायला धावले. परत येतात तर बाई हसत होत्या, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"काका, तेच तर पीक होतं! काळं व्हायलाच हवं होतं. हिरवं आणि गुलाबी आलं तर फेकायचं. मी रंग सांगायलाच विसरले. चूक माझीच."

काका पेला हातात धरून उभे राहिले. हळूहळू त्यांना हिशेब लागला. थंडी वाढली होती, म्हणजे नव्या पिशव्या काळ्या व्हायला आणखी बारा-चौदा दिवस जाणार. दव पडायचे दिवस मोजके. रात्रभर पान ओलं राहिलं तरच ही बुरशी आत शिरते. आणि व्यापाऱ्याची तारीख होती तिथेच होती.

त्या दिवशी पाच वाजता सायकल निघाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी जिन्यावर गमबुटांचा आवाज आला. धाकटी या खोलीत वर्षाकाठी एकदा येई, तीही दम लागतो अशी तक्रार करत.

"मेलास की काय ते बघायला आले," तिने दारातूनच सांगितलं. "बुरशी उकळून पुरलीस म्हणे. वर चुना! दोन फुलंही वाहायचीस."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या डॉक्टरबाईने. सांगताना हसत होती, मी पण हसले. गायींना सांगितलं, त्या पण हसल्या असतील."

काका भिंतीकडे बघत म्हणाले, "पंधरा दिवस वाया गेले, धाकटे. तुझे."

धाकटीने खोली पाहिली. एक खाट, एक स्टोव्ह, एक मानपत्र. "दोन दिवस चहा एकटीने पितेय," ती म्हणाली. "बेचव लागतो. दूध आधी घातलं तरी आणि साखर आधी घातली तरी. उठ. तोंड धू. आणि भात कर."

काका उठले.

या खेपेला त्यांनी साठ पिशव्या केल्या. रोज एकेक पिशवी तळहातावर घेऊन गदगदा हलवायची, उजेडासमोर धरायची. लव धरली की त्यांना बरं वाटायचं आणि मग बरं वाटल्याची लाज वाटायची. सहाव्या दिवशी ते बाईंना म्हणाले, "ही सतरा नंबरची जरा मागे पडलीय. हिला खिडकीजवळ ठेवू का?" दहाव्या दिवशी तीन पिशव्यांत गुलाबी ठिपके निघाले. त्या काकांनी एवढ्या उत्साहाने उचलून बाहेर नेल्या की बाईंनी मागोमाग जाऊन रंग स्वतः पाहिला. बाराव्या दिवशी उरलेल्या सत्तावन्न पिशव्या कोळशासारख्या काळ्या झाल्या. काकांनी फडताळ उघडलं, खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "झकास जमलाय." आपण हे कशाला म्हणालो, ते त्यांना नंतर कळलं.

फवारणी धाकटीच्या रानात, ऊन उतरल्यावर झाली. चार पट्टे आखले होते, दर पट्ट्याला एक झेंडी. गवत आधी कापून बुडख्यापर्यंत आणलेलं, म्हणजे बुरशीला आत शिरायला जखम सापडेल. काकांनी भात पाण्यात चोळला, कापडातून गाळला, वर दोन चमचे तेल. काळं पाणी पाठीवरच्या पंपात गेलं. बाई फवारत होत्या, काका गाळत होते आणि धाकटी सूचना करत होती.

"त्या कोपऱ्यात कमी पडलं."

"तुला काय कळतंय?"

"रान माझंय."

"बुरशी माझीय!"

असं म्हणून काका थबकले. बाईंनी पंपाचा दांडा थांबवला आणि दुसरीकडे बघून खोकल्या.

मग सुरू झालं वाट बघणं. पहिल्या आठवड्यात काही नाही. दुसऱ्या आठवड्यात उंदीरशेपटीने हिरवेगार नवे कोंब काढले. काका रोज कुंपणाशी उभे राहायचे. एक काडी ओढून बघू का, असं त्यांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "काका, भात शिजताना कुणी दर मिनिटाला झाकण उघडलं तर तुम्ही काय करायचात?"

"डाव घेऊन मागे लागायचो."

"मग?"

काकांनी हात खिशात घातले. पाचवा, सहावा, सातवा आठवडा गेला. भांडणं चालू होती, पण त्यांत जोर राहिला नाही. बादलीचा विषय निघाला तर धाकटी चक्क म्हणाली, "असेल, मीच पाडली असेल." काका घाबरले. एवढं मोठं वैर असं सहज सोडून देणारं माणूस निघायच्या तयारीतच असतं. ओट्यावर दोन बॅगा आल्या होत्या. फळीवरचे डबे कमी झाले होते.

नवव्या आठवड्यात पानं थोडी पिवळी दिसायला लागली. पण पाऊस संपून दिवस झाले होते. पिवळी सगळ्याच गवताची होत होती. बाई वहीत काहीतरी लिहायच्या आणि स्वच्छ "हो" म्हणायच्या नाहीत.

व्यापारी तारखेला बरोबर सकाळी आठ वाजता ट्रक घेऊन आला. जाडजूड, हसतमुख माणूस. गायींची पाहणी करून तो खूश झाला आणि वकीलबाईने त्याची पाहणी करून नापसंती दाखवली. धाकटी म्हणाली, "थांबा जरा. आधी एक काम आहे." ती गमबूट घालून रानाकडे निघाली. मागे बाई, त्यांच्या मागे काका. आणि काय काम आहे ते बघायला व्यापारीही.

पहिला पट्टा. उंदीरशेपटी जशीच्या तशी. धाकटीने दोन ठोंबांना लाथ मारून पाहिली. ती पुढे निघाली.

दुसरा पट्टा. अर्धा पिवळा, अर्धा हिरवा. "वाळलंय नुसतं," धाकटी म्हणाली.

तिसऱ्या पट्ट्यात बाई गुडघ्यांवर बसल्या, पानं बाजूला केली आणि मान वर न करता म्हणाल्या, "मावशी, हा उपटून बघा."

धाकटीने सहा वर्षं हे गवत उपटलं होतं. तिला पद्धत ठाऊक होती. तिने पाय रोवले, दोन्ही हातांनी ठोंब आवळला, दात-ओठ खाल्ले आणि सगळ्या अंगाचा भार मागे टाकून हिसका दिला.

ठोंब लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. आणि धाकटी, ठोंबासकट, मागच्या मागे उताणी पडली.

व्यापाऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. काका ओरडले, "कंबर! धाकटे, कंबर!" आणि धावले. धाकटी पाठीवर पडूनच हातातला ठोंब डोळ्यांसमोर धरून बघत होती. काड्या बुडाशी नारिंगी, मऊ, आतून भुसभुशीत. मग ती हसायला लागली. आधी नाकातून, मग पोटातून, मग सगळीच.

"दादा, आलं रे! हे आलं!"

तिने उठायच्या आधी शेजारची काडी धरली आणि नुसत्या दोन बोटांनी उचलली. ती आली. तिच्या पलीकडची आली. काका तिला उठवायला वाकले होते, ते तिथेच बसले आणि त्यांनीही एक ओढली. आणि आणखी एक. दोघांचे हात भराभर चालायला लागले, शेंगा तोडायला बसल्यासारखे. व्यापाऱ्याला राहवेना. त्याने एक उपटली, वास घेतला, पुन्हा एक उपटली. "अहो, हे माझ्या मेव्हण्याच्या रानात पण आहे," तो म्हणाला. "कशाने केलं?"

"भाताने," काका म्हणाले.

उपटलेल्या जागेत खाली बारीक, मऊ, पोपटी गवत दिसत होतं. सहा वर्षं ते तिथेच दबून बसलं असावं. धाकटीने त्यावर तळहात फिरवला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. मग उठून चौथा पट्टाही पाहिला. तोही नारिंगी होता.

"दोन जमले, एक अर्धा, एक वाया," तिने निकाल दिला. "यंदा नऊ गायींना पुरणार नाही. चार घेऊन जा. पाच राहतील."

"आणि तुम्ही?" व्यापाऱ्याने विचारलं. "मुलाकडे जाणार होता ना?"

"मी काय गाय आहे ट्रकमध्ये घालायला?"

तिने तिथूनच मुलाला फोन लावला. "अरे, मी येत नाही. नाही, बरी आहे. पडले मघाशी, पण मजेत पडले. तुझा मामा? इथेच आहे. गवत उपटतोय. नाही रे, कामाला नाही लावलं, तोच थांबत नाहीये."

"काका!" बाई मागून ओरडल्या. "मावशी! अहो, काय करताय? नका उपटू! आजारी ठोंब जागेवरच राहायला हवेत, त्यांच्यातूनच बुरशी पुढे पसरणार आहे. अख्खं रान बाकी आहे अजून!"

दोघांचे हात थांबले. भोवती उपटलेल्या ठोंबांचा चांगला ढीग झाला होता. धाकटीने फोन कानाला तसाच धरला आणि पायाने एक ठोंब हळूच भोकात परत सरकवला. काकांनी दुसरा उचलला, मातीत खोचला आणि वरून थापटला, रोप लावावं तसा. बाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. हसू त्यांना आवरत नव्हतं.

"मी सांगत होतो हिला," काका म्हणाले.

"कोण? तू?" धाकटीने फोन खाली घेतला. "आधी कुणी उपटलं?"

"तू! सगळ्यांदेखत! आडवी पडलीस उपटून."

"तो बाईंनी सांगितला म्हणून. त्याच्यानंतर कोण बसलं मांडी घालून?"

"तुला उठवायला बसलो मी."

"उठवायला? अकरा उपटलेस तू. मोजलेत मी."

"नऊ."

"अकरा!"

व्यापारी कुंपणाला टेकून उभा होता. हे कधी संपेल, असं त्याने बाईंना खुणेने विचारलं. बाईंनी वही उघडली, दोन माणसांच्या मधून वाट काढली आणि त्या उपटलेले ठोंब मोजायला लागल्या.